झाड रुसलं तर आधी काय तपासावं? पुण्यातल्या गॅलरी-गच्चीच्या बागेसाठी

पुण्यात घरी बाग लावणाऱ्या नवख्या माणसाचा धीर वर्षातून दोनदा सुटतो. एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, संततधारेनं कुंड्यांचा चिखल होतो तेव्हा, आणि एकदा एप्रिलमध्ये, फेब्रुवारीपर्यंत बहरलेली झाडं एकामागून एक माना टाकतात तेव्हा. मग "आमच्या हाताला झाड लागतच नाही" असं ठरतं आणि रिकाम्या कुंड्या जिन्याखाली जातात.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. घरच्या बागेतली बरीचशी अपयशं पाणी, ऊन आणि हंगाम या तीन गोष्टींतून येतात. कीड-रोग त्यानंतर, आणि खताची कमतरता सगळ्यात शेवटी. सुरुवातीला मात्र जवळजवळ सगळेच उलटीकडून सुरू करतात. पान पिवळं दिसलं की खत घालतात, खतानं फरक पडला नाही की फवारणी करतात, त्यानंही नाही तर कुंडी बदलतात. कुंडीत साचलेल्या पाण्यापर्यंत पोचेतो मुळं कुजलेली असतात. म्हणून खाली दिलेला क्रम पाळा.

पहिले दोन दिवस: हात आवरा

झाड बिघडलेलं दिसलं की दोन दिवस खत, औषध, छाटणी, कुंडीबदल यांपैकी काहीही करू नका. दुखावलेल्या मुळांवर खत पडलं तर ती आणखी भाजतात. आणि एका दिवशी तीन उपाय केले तर झाड सुधारलं काय किंवा गेलं काय, कशामुळे ते कधीच कळत नाही.

या दोन दिवसांत फक्त बघायचं. बिघाड जुन्या, खालच्या पानांवर आहे की शेंड्याच्या नव्या पानांवर? एकाच झाडावर आहे की शेजारच्या सगळ्यांवर? झाड दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरतं, की सकाळीसुद्धा मलूलच असतं? मोबाइलवर एकाच जागेवरून रोज एक फोटो काढा. डोळ्याला न जाणवलेला बदल फोटोंत दिसतो.

दुपारच्या कोमेजण्यानं घाबरू नका. एप्रिल-मेच्या उन्हात वांगी, काकडी, दोडका यांची मोठी पानं दुपारी एक ते चारच्या दरम्यान लोंबतात आणि सूर्य कलल्यावर उभी राहतात. मुळांतून येणारं पाणी पानांतून उडणाऱ्या पाण्याला कमी पडतं, इतकंच. माती ओली असताना हे बघून लोक दुपारी पुन्हा तांब्याभर पाणी ओततात आणि तिथून मूळकुज सुरू होते. सकाळी सात वाजताही झाड मान टाकून असेल तेव्हा काळजी करायची.

पहिली पायरी: बोट, वजन आणि भोक

तर्जनी दोन पेरं मातीत घाला. बोट कोरडं निघालं तर पाणी हवंय, ओलं निघालं तर नकोय. वरचा थर बघून पाणी घालू नका, कारण मेमध्ये तो तासाभरात सुकतो आणि खाली कुंडी ओलीच असते. मधल्या आकाराच्या कुंडीसाठी दुसरी पद्धत आणखी सोपी आहे. पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून वजनाचा अंदाज घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा उचला. आठवड्याभरात हाताला वजन कळायला लागतं.

आता तीन वेगवेगळे बिघाड ओळखा.

माती ओली, तरी झाड मलूल. म्हणजे मुळांना हवा मिळत नाहीये. कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात. कुजलेली तपकिरी, बुळबुळीत असतात, ओढली तर साल हातात येते आणि आंबूस वास मारतो. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीनं काढा, वरची फांद्या-पानंही साधारण तेवढ्याच प्रमाणात कमी करा, भुसभुशीत ताज्या मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्मा (मूळकुजीच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून त्यात झाड लावा आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. या काळात खत नाही. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर हंगामी भाजीचं रोप सोडून द्या. जास्वंद, गुलाब, कढीपत्ता अशा बारमाही झाडासाठी मात्र हा खटाटोप जरूर करावा.

पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं, तरी झाड सुकलेलं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेलं मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की पाणी शोषत नाही. माती कडेनं आकसते आणि सगळं पाणी त्या फटीतून बाहेर जातं. नर्सरीतून आलेल्या रोपाच्या लाल चिकणमातीच्या गोळ्याचंही हेच होतं. तुमची माती ओली होते आणि आतला गोळा दगडासारखा कोरडा राहतो. अशी कुंडी पाण्याच्या बादलीत अर्धी बुडवून वीस-तीस मिनिटं ठेवा. बुडबुडे थांबले की बाहेर काढून निथळू द्या. नवं रोप लावताना हा गोळा बाहेरून बोटांनी हलकेच मोकळा करून घ्यावा, त्यामुळे पुढचा बराच त्रास वाचतो.

भोक बुजलंय. पुण्याच्या आसपासची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि कुंडीत तळाशी घट्ट बसते. शेतात तिचं जे बळ आहे ते कुंडीत अडचण ठरतं. निव्वळ काळी माती भरू नका. चालणारं मिश्रण असं: माती चार भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत तीन भाग, कोकोपीट दोन भाग, जाड वाळू एक भाग, आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून घ्या आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. जूनमध्ये एवढं एकच काम केलं तरी ऑगस्टमधली बरीच मर टळते.

पाण्याचा प्रकारही बघा. खडकवासल्याच्या धरणसाखळीतून येणारं महापालिकेचं पाणी झाडांना मानवतं. उपनगरांतल्या ज्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरतात, तिथे ते बहुधा जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं असतं. मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो. काही महिन्यांनी मोगरा, अनंत, लिंबू, गुलाब यांची नवी पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण ती अल्कधर्मी झाल्यामुळे झाडाला ते घेता येत नाही. इथे शेणखत वाढवून उपयोग नाही. वरचा पांढरा थर खरवडून टाका. पावसाळ्यात कुंडी मोकळ्या पावसात ठेवून धुऊन निघू द्या. एरवी जमा केलेलं पावसाचं किंवा नळाचं गोडं पाणी कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट, थांबून थांबून ओता. सोबत चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, दर पंधरा दिवसांनी, संध्याकाळी पानांवर फवारा. जुनी पिवळी पानं हिरवी होतीलच असं नाही. नवी पानं हिरवी आली की उपाय लागू पडला असं समजा.

दुसरी पायरी: ऊन मोजा

"आमच्याकडे भरपूर उजेड आहे" असं सगळेच म्हणतात. उजेड वेगळा, थेट ऊन वेगळं. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, १०, दुपारी १२, २ आणि ४ वाजता कुंडीच्या जागी हात धरा. हाताची सावली काठ स्पष्ट असलेली पडली तर ते थेट ऊन. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, गुलाब यांना किमान सहा तास हवेत. पालक, मेथी, कोथिंबीर तीन-चार तासांत येतात. पुदिना, अळू, पानाचा ओवा त्याहून थोडं कमी मिळालं तरी निभावतात. उन्हाअभावी झाड लांबट होतं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, खोड एका बाजूला झुकतं आणि कळ्या येत नाहीत. याला कुठलंही खत उपाय नाही.

पुण्यात यात एक मोठा फेर आहे आणि तो माहीत नसल्यामुळे पुष्कळ लोक स्वतःला दोष देत बसतात. पुणे साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. या दोन्हींच्या मधल्या काळात भर दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेकडे असतो. डिसेंबरात मात्र तो दुपारीसुद्धा दक्षिणेला बराच कललेला असतो. याचा अर्थ, दक्षिणेकडच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन खोलवर आत येतं, पण मे ते जुलै वरच्या मजल्याचा स्लॅब ते जवळजवळ पूर्ण अडवतो. डिसेंबरात ज्या कठड्याशी टोमॅटो लगडला, तिथेच जूनमध्ये भेंडी फुलत नाही, ती यामुळे. उत्तरेच्या गॅलरीचं उलट: हिवाळ्यात थेट ऊन शून्य, मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडं मिळतं. पश्चिमेच्या गॅलरीत उन्हाळी दुपारी भिंत तापून रात्रीपर्यंत उष्णता सोडते, तिथे कुंड्या भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. म्हणून ऊन वर्षातून दोनदा मोजा, डिसेंबरात एकदा आणि मे अखेरीस एकदा. आणि जड कुंड्या चाकाच्या स्टँडवर ठेवा.

उघड्या गच्चीवर प्रश्न उलटा असतो. मार्चच्या मध्यापासून पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर काढा. ती पावसाळ्यातही तशीच राहिली तर ढगाळ उजेडाचा निम्मा भागही जातो आणि वेल नुसते पसरत राहतात.

तिसरी पायरी: कॅलेंडर

सगळ्यात जास्त निराशा इथे होते, कारण झाड निरोगी असतं, काळजीही नीट घेतलेली असते आणि तरी हाती काही लागत नाही.

कोथिंबीर घ्या. मार्चमध्ये पेरली की जेमतेम बोटभर वाढून तुरा काढते. हा तिचा स्वभाव आहे, उष्णता वाढली की ती बी धरण्याच्या मागे लागते. सप्टेंबर अखेर ते जानेवारी हा पुण्यातला तिचा खरा काळ. धणे उगवतच नाहीत अशी तक्रार असेल तर पुढचं करून बघा. धणे लाटण्यानं किंवा चपलेच्या तळव्यानं हलके रगडून दोन भाग करा, बारा तास भिजवा, सेंटिमीटरभर खोल पेरा, वर ओलं गोणपाट टाका आणि दहा-बारा दिवस वाट बघा. सहाव्या दिवशी माती उकरून पाहू नका. गोणपाट मात्र कोंब दिसताच काढायचं.

टोमॅटोला एप्रिलमध्ये फुलं येतात आणि गळून पडतात. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की त्याचे परागकण नीट काम करत नाहीत. तेव्हा खत घालून फळ धरत नाही. ऑगस्ट अखेरीला बी टाका, सप्टेंबरच्या शेवटी रोपं कुंडीत लावा, डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत तोडा. जूनमध्ये लावलेला टोमॅटो पावसाळी दमट हवेत करप्यानं काळा पडण्याची शक्यता फार मोठी.

थोडक्यात पुण्याचं वर्ष असं बसवा. जूनच्या पहिल्या पावसानंतर भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारलं, मायाळू, आणि मिरची-वांग्याची रोपं. सप्टेंबर अखेरपासून मेथी, पालक, मुळा, गाजर, कोबी-फ्लॉवरची रोपं, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरमध्ये मटार. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी मध्य या काळात उन्हाळी भेंडी, चवळी, काकडी. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत नवं काहीही पेरू नका, आहे ते जगवा.

फुलझाडांचं तंत्र थोडं वेगळं आहे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून आल्यावर पिटुनिया, पॅन्सी, डायंथस घ्यायचा मोह होतो. ही थंडीची झाडं आहेत. फुललेल्या अवस्थेत घरी आणलेल्या पिटुनियाचे मार्चनंतर थोडेच दिवस उरतात. आनंदानं घ्या, पण ती गेली म्हणून हळहळू नका. दीर्घ बहर हवा असेल तर रोपं ऑक्टोबरमध्ये लावा. महाबळेश्वरची फळं धरलेली स्ट्रॉबेरी फेब्रुवारीत आणली तर तिचंही तेच.

याउलट काही झाडं मेल्यासारखी दिसतात आणि जिवंत असतात. चाफा आणि अडेनियम थंडीत पानं गाळतात. मे फ्लॉवर लिली पावसाळा संपला की जमिनीवर दिसेनाशी होते, तिचा कंद मातीत शाबूत असतो. शेवंती फुलून गेल्यावर वाळते, पण बुंध्याशी फुटवे असतात. अशी झाडं टाकण्याआधी खोडाची साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. शेंड्याकडून खाली येत तपासा आणि जिथे हिरवं लागेल तिथून वरचं छाटा. झोपलेल्या झाडाला आठवड्यातून एकदाच, बेतानं पाणी द्या. पानं नसलेल्या अडेनियमला रोज पाणी घातलं तर त्याचा फुगीर बुंधा सडतो, आणि तो दाबून मऊ लागला की फारसं काही करता येत नाही.

शेवंती आणि पॉइन्सेटिया कळ्या धरत नसतील तर रात्री त्यांच्यावर रस्त्याचा किंवा गॅलरीचा दिवा पडतो का बघा. दोघांनाही कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवली की काम होतं.

फुलं येतात, फळ धरत नाही

वेलवर्गीय भाज्यांत नर फुलं आधी येतात, मादी फुलं आठ-पंधरा दिवसांनी. सुरुवातीची सगळी फुलं गळली तर ते नैसर्गिक आहे. मादी फुलाच्या देठाशी इवलं फळ दिसतं, नराला नुसता देठ असतो. ते इवलं फळ दोन-चार दिवसांत पिवळं पडून सुकलं तर परागीभवन झालेलं नाही. आठव्या-दहाव्या मजल्यावर मधमाश्या कमी फिरकतात, तेव्हा हे काम आपल्यालाच करावं लागतं.

ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि त्याचा परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरतं. वेळ मात्र वेलीनुसार बदलते आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. काकडी, कारलं, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, म्हणून त्यांचं सकाळी नऊच्या आत उरकायचं. दोडक्याची फुलं संध्याकाळी पाचच्या सुमारास उघडतात, दुधी आणि पडवळाची तिन्हीसांजेला. सकाळी दोडक्याला कितीही जपून पराग लावले तरी फळ धरायचं नाही.

टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या एकाच फुलात दोन्ही भाग असतात. सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या देठावर बोटानं टिचकी मारली की पुरे. वांग्याच्या काही फुलांत मधली काडी आखूड असते, ती फुलं गळतातच. फूल-फळ काहीच नाही आणि झाड मात्र गर्द हिरवं, माजलेलं असेल तर नत्र जास्त झालंय. महिनाभर खत थांबवा.

टोमॅटोच्या फळाचा तळ काळा, चामड्यासारखा होत असेल तर तो रोग नाही. कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, आणि कुंडीत त्याचं कारण बहुतेकदा अनियमित पाणी असतं: दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी पूर. अंड्याची टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात, या हंगामाला त्यांचा उपयोग नाही. बाधित फळं काढा, मातीवर दोन इंच वाळलेल्या पाल्याचं आच्छादन घाला आणि रोज ठरल्या वेळी पाणी द्या. पुढची फळं चांगली येतात.

कीड: आधी ओळख, मग बाटली

पान उलटं करून बघा. जवळपास सगळं तिथेच दिसतं.

शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे दाटीनं बसलेत, पानं चिकट झालीत, तो मावा. कापसासारखे पांढरे पुंजके, जास्वंदीवर हमखास, तो पिठ्या ढेकूण. पानावर पिवळट ठिपके, खाली बारीक जाळी, मार्च ते मेच्या कोरड्या हवेत, तो लाल कोळी. झाड हलवलं की पांढरा भुगा उडाल्यासारखं वाटतं, ती पांढरी माशी. पानावर पिठूळ पांढरा थर ही भुरी, आणि ती बुरशी आहे, कीड नाही.

पहिला उपाय सगळ्या किडींसाठी एकच: झाड धरून पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवस ओळीनं, सकाळी. मावा आणि कोळी एवढ्यानंच बरेच कमी होतात. पिठ्या ढेकणाला कापसाच्या बोळ्यानं सर्जिकल स्पिरिट लावून पुसा, आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा. मुंग्या गोड चिकट स्रावासाठी या किडींना सांभाळतात, एका फांदीवरून दुसरीवर नेऊनही ठेवतात. कुंडीच्या पायाशी पाण्याची थाळी ठेवली तर मुंग्या चढत नाहीत, पण कुंडी विटेवर ठेवा, तळ पाण्यात नको. पावसाळ्यात ती थाळी काढायची. एरवीही पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं, नाहीतर डास होतात.

याउपर राहिलं तर निंबोळी तेल. एक लिटर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिली भांडी घासायचा द्रव साबण, मग पाच मिली निंबोळी तेल, आणि पाणी दुधट होईपर्यंत ढवळा. तेल वर तरंगत असेल तर फवारू नका, पानं भाजतात. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. दर सहा-सात दिवसांनी, एकूण तीन वेळा. एका फवारणीनंतर "फरक नाही" म्हणून सोडून देतात, पण अंडी त्यानंतर उबतात, म्हणून दुसरी आणि तिसरी फवारणी महत्त्वाची. शिल्लक द्रावण त्याच दिवशी संपवा. भुरीसाठी पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण कडक उन्हाळ्यात नाही आणि निंबोळी तेलानंतर दोन आठवडे नाही. काकडीवर्गाची पानं गंधकानं भाजू शकतात, तिथे बाधित पानं काढून हवा खेळती ठेवणं जास्त बरं.

काही आजारांना मात्र उपाय नसतो. टोमॅटोची शेंड्याची पानं वाटीसारखी वळून खुजी राहिली, भेंडीच्या शिरा पिवळ्याधमक होऊन पान जाळीदार दिसू लागलं (हळद्या), पपईच्या पानांची लक्तरं झाली आणि फळावर वर्तुळं उमटली, तर ते विषाणू. झाड उपटा, बंद पिशवीत घाला, कंपोस्टमध्ये टाकू नका. हे करताना जीव तुटतो, पण पांढरी माशी आणि मावा ते विषाणू शेजारच्या रोपांवर नेतात. मिरचीच्या चुरडामुरड्यात (पानं आकसून मुरडतात त्या रोगात) मात्र एक संधी द्यावी, कारण तो पुष्कळदा फुलकिडे किंवा कोळ्यामुळेही होतो. वाकडा शेंडा छाटा, वरील तीन फवारण्या करा. तीन आठवड्यांनी नवी पानं सरळ आली तर ठेवा, नाहीतर उपटा.

पुण्यात कबुतरांचा त्रास कुठल्याही किडीहून मोठा ठरू शकतो. ती कोवळी रोपं उपटतात आणि मोठ्या कुंडीत अंडीही घालतात. पेरलेल्या ट्रेवर पहिले तीन आठवडे जाळी ठेवाच. पावसाळ्यात बागेत शिरणाऱ्या मोठ्या शंखाच्या गोगलगाई उघड्या हातानं उचलू नका, हातमोजे किंवा चिमटा वापरा.

खत, शेवटी

जुनी, खालची पानं एकसारखी पिवळी पडताहेत, मुळं चांगली, ऊन पुरेसं, हंगाम बरोबर, कीड नाही. आता खत द्या. बारा इंची कुंडीला दर तीन-चार आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत पुरतं. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) वापरायचं असेल तर लिटरला एक-दीड ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीवर. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या तर क्षार साचलेत, खत थांबवून कुंडी धुऊन काढा. ओल्या कचऱ्याचे तुकडे, दूध-साखरेच्या चहाचा चोथा, भाताची पेज थेट कुंडीत ओतू नका. ते मातीतच कुजतं, तेव्हा उष्णता निघते, चिलटं आणि अळ्या येतात. ते कंपोस्टच्या डब्यात दोन-तीन महिने कुजवून मगच वापरा.

गावाहून परतल्यावर

मे महिन्यात आठ दिवस गावी जाऊन आल्यावर वाळलेली बाग बघणं फार वाईट असतं. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या सावलीच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटवून ठेवा, वर पाल्याचं जाड आच्छादन घाला, फुलं-फळं खुडा आणि पोटभर पाणी द्या. नाजूक झाडांसाठी बादलीभर पाणी कुंडीहून थोडं उंच ठेवून त्यातून जाड सुती दोरी प्रत्येक कुंडीत चार इंच खोल खोचा. दोरी आधी भिजवलेली हवी. ही सोय निघण्याआधी दोन दिवस चालवून पाहा. परत आल्यावर झाड वाळलेलं दिसलं तर लगेच उन्हात नेऊ नका, सावलीतच पाणी द्या आणि नखाची परीक्षा दहा दिवसांनी करा.

किती येईल, याचा अंदाज

अपेक्षा जास्त धरल्यामुळेही चांगली बाग अपयशी वाटते. बारा इंची कुंडीत टोमॅटोचं एकच झाड लावावं, आणि पूर्ण हंगामात दीड-दोन किलो मिळाले तर ते उत्तम. चौघांच्या घराला आठवड्यातून दोनदा भेंडीची भाजी हवी तर आठ-दहा झाडं एकाच वेळी फळावर असावी लागतात. मंडईच्या दराशी तुलना केली तर भाजी स्वस्त पडत नाही. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, मिरची, मायाळू, अळू ही मात्र थोड्या जागेत रोजच्या स्वयंपाकाला पुरतात आणि चुका सोसतात. पहिल्या वर्षी सहा-सात कुंड्याच लावा आणि त्यांतल्या निदान चार या यादीतल्या असू द्या. कढीपत्ता थंडीत वाढत नाही, त्याला तेव्हा छेडू नका.

गेलेल्या झाडाची माती

माती फेकू नका. रोग किंवा मूळकुज झालेली माती एप्रिल-मेमध्ये प्लॅस्टिकवर तीन-चार इंच जाड पसरा, पाण्यानं ओली करा, वर पारदर्शक प्लॅस्टिक टाकून कडा विटांनी दाबा आणि चार-सहा आठवडे कडक उन्हात तशीच राहू द्या. या उष्णतेनं बुरश्या, सूत्रकृमी आणि तणाचं बी बऱ्याच प्रमाणात मरतं. उघडल्यावर मुळांचे अवशेष वेचून काढा, एक तृतीयांश नवं कुजलेलं खत आणि थोडा ट्रायकोडर्मा मिसळून पंधरा दिवस सावलीत ओलसर ठेवा. जूनच्या पेरणीला ती तयार होते. ज्या मातीत टोमॅटो, वांगी किंवा मिरची मेली, तिच्यात पुढचा हंगाम या तिघांपैकी काहीही लावू नका. तिथे गवार, चवळी किंवा मेथी पेरा.